चौदावं रत्न

जुन्या सेल्फवाल्या मोटारसायकलची बॅटरी उतरली की ती बातमी मालकाला सगळ्यात शेवटी कळते. आधी बिल्डिंगला कळते. सकाळी सातला पार्किंगमधून नेहमीच्या आवाजाऐवजी 'टकटकटकटक' ऐकू आलं, की पहिल्या मजल्यावरचे काका पेपरमधून डोकं वर न काढता निकाल देतात, "बसली." मालक अजून मानायला तयार नसतो. तो रात्रीच्या थंडीला दोष देतो, किल्ली एकदा बंद करून परत चालू करतो आणि मग बटण जास्त जोरात दाबतो. त्या बटणाला जोराचं काही देणंघेणं नसतं. ते लागतं किंवा लागत नाही. पण अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबल्याखेरीज आपण प्रामाणिक प्रयत्न केला, असं कुणालाच वाटत नाही.

त्या टकटकीमागचा कारभार ऐकण्यासारखा आहे. बटण दाबलं की रिले चिकटतो आणि सेल्फच्या मोटरला बॅटरी जोडून देतो. मोटर एकदम भरमसाट करंट मागते. दमलेल्या बॅटरीचा व्होल्टेज जागीच कोसळतो. इतका, की रिलेला स्वतः चिकटून राहण्यापुरतंही बळ उरत नाही. तो सुटतो. सुटला म्हणून बोजा गेला, बोजा गेला म्हणून व्होल्टेज परत वर, वर आला म्हणून रिले परत चिकटला. असं सेकंदात कितीदा तरी. म्हणजे बॅटरी, रिले आणि मोटर तिघंही आपापलं काम चोख करत असतात, फक्त गाडी सुरू होत नाही. ज्यांनी कुठल्याही मोठ्या कार्यालयात नोकरी केली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आमच्या दाजींची बुलेट २००६ सालची. कोल्हापुरात बुलेट ही एकट्या मालकाची खासगी बाब नसते. तिच्यावर गल्लीचा, तालमीचा आणि कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याचाही थोडाथोडा हक्क असतो. गाडीला किक आहे आणि सेल्फही आहे. पहिली काही वर्षं दाजी सेल्फला हात लावत नसत. सेल्फ बायकापोरांसाठी, असं ते ताईसमोर म्हणायचे आणि ताई ते ऐकून घ्यायची. मग गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही, भारतीय पद्धतीचा संडास नको आणि बुलेटला किक मारायची नाही, असं एकाच कागदावर लिहून दिलं. पहिल्या दोन गोष्टी दाजींनी मान्य केल्या. तिसरीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनीही तेच सांगितल्यावर सेल्फ ही बायकापोरांची गोष्ट राहिली नाही.

आणि नेमकी तेव्हाच बॅटरी वारली. तिचा काही दोष नव्हता, वय झालं होतं. बारा व्होल्ट, चौदा एएच. ॲसिडसकट साडेचार-पाच किलोचा ऐवज. नव्या चौदाचा भाव दाजींनी विचारला, शेजारच्या नवाचा विचारला, पाचाचाही विचारला आणि घरी येऊन जाहीर केलं, "लहानच घालायची. मला गाडी निस्ती सुरू करायची हाय. तिच्यावर पिठाची गिरण चालवायची न्हाई."

वाक्य बिनतोड होतं. पण कोल्हापुरात बिनतोड वाक्य घरात बोलून भागत नाही, ते उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीवर टिकावं लागतं. शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, फाउंड्री आणि सल्ला यांचा मोठा पुरवठादार भाग. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे पडतात.

"चौदाच्या खाली बुलेटला चालतच न्हाई," एकानं ग्लास खाली ठेवायच्या आतच सांगितलं. "कंपनी काय येडी हाय व्हय?"

कंपनी वेडी नाही हे खरं, पण त्याच कंपनीच्या नव्या ३५० सीसी मिटिऑरमध्ये आठ एएचची बंद बॅटरी येते आणि तिला किकसुद्धा नसते. हे मी सांगितलं. त्यावर त्यानं माझ्याकडे न बघता दाजींना विचारलं, "हे पावणं कुठलं?" मी पुण्याचा हे कळल्यावर मुद्दा निकालात निघाला.

दुसऱ्याच्या बुलेटला दोन वर्षांपासून स्कूटरची पाच एएच बॅटरी होती आणि एक नंबर चालली होती. दाजी खुलले. सेल्फ एका दमात लागतो का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "सेल्फ कोण वापरतंय? किकच मारतो की मी."

तिसरा जरा जाणकार होता, म्हणजे जास्त घातक. त्याचं म्हणणं, गाडीचा अल्टरनेटर चौदाच्या हिशोबानं करंट ढकलणार, लहान बॅटरीला तेवढा पचणार नाही, ती उकळून फुटणार. हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं आणि ऐकायला पटतंही. पण गाडीत रेग्युलेटर असतो तो याचसाठी. तो व्होल्टेज चौदा-साडेचौदाच्या आसपास धरून ठेवतो. त्या व्होल्टेजला बॅटरी जेवढा करंट मागेल तेवढाच तिच्यात जातो. लहान असली तर कमी मागते, भरली की मागणंच थांबवते. उकळते ती रेग्युलेटर मेल्यावर, आणि मग चौदाचीही उकळते.

तेवढ्यात दाजींच्या पुतण्यानं मोबाइल पुढे केला, "काका, लिथियम घाला. किलोभराची हाय." लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, वजन नगण्य, ताकद दांडगी. त्यातल्या काही बॅटऱ्यांवर चौदा एएच 'समकक्ष' असं मोठ्या अक्षरात लिहितात आणि आतले खरे चार-पाच एएच बारीक अक्षरात. कडाक्याच्या थंडीत त्यांना पहिल्यांदा जाग यायला वेळ लागतो, पण कोल्हापूरला ती अडचण नाही. अडचण किमतीची होती. दाजींनी आकडा वाचला आणि मोबाइल अत्यंत हळुवारपणे परत दिला.

खरं तर दाजींच्या बाजूनं इतिहासातला एक भक्कम साक्षीदार उभा करता आला असता. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला पहिल्यांदा विजेवरचा स्टार्टर बसला, तो चार्ल्स केटरिंगचा. तोवर सगळे शहाणे सांगत होते, की इंजिन फिरवायचं तर जवळपास इंजिनाएवढीच मोटर लागेल आणि ती चालवायला बॅटरीचं एक गाठोडं. केटरिंग पूर्वी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता. गल्ल्याचा खण उघडायला त्यानं छोटी मोटर लावली होती. ती दिवसभर चालायची नसते, क्षणभर चालायची असते. आणि क्षणभरच चालायचं असेल तर लहानशा मोटरकडूनही तिच्या ऐपतीबाहेरचं काम काढून घेता येतं. गाडीचंही तसंच, एकदा इंजिन लागलं की स्टार्टरला सुट्टी. म्हणजे दाजींचं पिठाच्या गिरणीचं वाक्य केटरिंगला शब्दशः पटलं असतं.

पण कोर्टात समोरच्या बाजूलाही साक्षीदार असतो. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या इंडियन कंपनीनं हेंडी स्पेशल नावाची मोटारसायकल काढली. विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे, मोटारसायकलच्या जगात तेव्हा अप्रूप. सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या आणि त्याच निकामी ठरल्या. स्टार्टर मागतोय तेवढं त्यांच्याकडे नव्हतं. वर्षभरात मॉडेल गुंडाळलं. सेल्फवाल्या मोटारसायकलची पहिली तक्रार बॅटरीची होती आणि शंभरेक वर्षं झाली तरी तक्रारीचा विषय बदललेला नाही.

या दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं, ते टपरीवरच्या कागदावर आकडे मांडून बघितलं. सेल्फची मोटर ८० ॲम्पिअर ओढते आणि गाडी तीन सेकंदांत सुरू होते असं धरा. गुणाकार-भागाकार केला की खर्च होतो एका एएचचा पंधरावा हिस्सा. म्हणजे चौदा एएचच्या बॅटरीवर, कागदावर, गाडी २१० वेळा सुरू होईल. नवाच्या बॅटरीवर १३५ वेळा. पाचाच्यावर ७५ वेळा.

"पंच्याहत्तर!" दाजी उठून उभे राहिले. "दिवसाला दोनदा म्हटलं तरी महिना जातोय. आणि मधी गाडी चार्जिंग करतीयाच की."

कागदावर हे बरोबर आहे. मेख अशी, की बॅटरीवरचा तो आकडा दहा तासांच्या हिशोबाचा असतो. चौदा एएच म्हणजे १.४ ॲम्पिअर दहा तास. निवांत. सेल्फ मात्र दहा तासांचं एका घटकेत मागतो. लग्नाच्या कोठीत पाचशे पानांचा भात तयार असला आणि वाढपी दोनच असले, तर पंगत उठेपर्यंत लोक मीठ चाटत बसतात. एएच म्हणजे कोठीतला भात. वाढपी किती, ते क्रँकिंग ॲम्पिअरचा दुसरा आकडा सांगतो. तो बऱ्याच बॅटऱ्यांवर छापलेलाच नसतो आणि छापला असला तरी गिऱ्हाईक विचारत नाही. लहान बॅटरीत शिश्याच्या प्लेटी लहान, कमी, म्हणून वाढपी कमी. बुलेटच्या ७० मिलिमीटर रुंद पिस्टनला ९० मिलिमीटर वर ढकलायचं तर थोडक्या वाढप्यांचं काम नाही. त्यातून गाडी कार्ब्युरेटरची. फ्युएल इंजेक्शनची नवी गाडी एकदोन फेऱ्यांत पेट घेते, म्हणून तिला आठ एएच पुरतात. जुनी बुलेट आधी चोक मागते, मग विचार करते.

आणि अर्धवट ताकदीनं फिरवली तर ती नुसती बंद राहत नाही, उलटा झटका देते. तो झटका किक मारणाऱ्याच्या पोटरीला बसायचा. सेल्फमध्ये तो स्प्रॅग क्लचला बसतो. पोटरी चार दिवसांत बरी होते. स्प्रॅग क्लचसाठी इंजिनाची डावी बाजू उघडावी लागते आणि तेव्हा येणाऱ्या बिलात बॅटरीवर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. हे ऐकून दाजींनी पाचाचा नाद सोडला. नवावर आले. त्याखाली नाही आणि त्यावरही नाही.

दुकान गाठलं. तिथे बॅटरी बघायची पद्धत ठरलेली आहे. कुणीही लेबल वाचत नाही. दोन्ही हातांनी उचलायची, एकदा खाली-वर झुलवायची आणि मान डोलवायची किंवा नाक मुरडायचं. सोनं, कलिंगड, बॅटरी. हातात जड लागली की माल खरा. दाजींनी चौदाची उचलली आणि त्यांच्या चेहऱ्यावर नकळत आदर उमटला. मग नवाची उचलली. ती सहज वर आली, तसा आदर ओसरला.

दुकानदारानं आधी जुनीची परीक्षा घेतली. मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. "बघा, हाय की चांगली!" दाजी म्हणाले. दुकानदार काही बोलला नाही. त्यानं लोड टेस्टरचे दोन चिमटे लावले आणि बटण दाबलं. काटा साडेबारावरून घसरला, नऊ, आठ, सातापाशी थांबला, आणि कॉइल तापल्याचा वास आला. बटण सोडलं, काटा हळूहळू वर चढून पुन्हा साडेबारावर, काही झालंच नाही अशा थाटात. चांगली बॅटरी बोजाखालीही साडेनऊच्या वर राहायला हवी. दाजींनी पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग त्यांनी टोपी काढली नाही इतकंच.

एक मधला मार्गही निघाला होता. काचेची जाळी भरलेल्या बंद बॅटऱ्या येतात; त्यांत पाणी टाकायचं नाही, ॲसिड सांडत नाही. त्यांतली दहा एएचची एक बॅटरी चौदाच्या जुन्या पाणीवाल्या बॅटरीएवढाच धक्का देते. दाजींचे डोळे चमकले. लहान आकडा, मोठी ताकद, वजनही कमी. दुकानदारानं टेप लावला. जुनी चौदाची लांबी १३४ मिलिमीटर, उंची १६६. नव्या दहाची उंची १३०, पण लांबी १५०. बुलेटच्या बॅटरीच्या डब्यात ती कशीच बसेना. लहान बॅटरी आणायला गेलो आणि ती डब्याला मोठी झाली.

"डबा कापू की," पुतण्या म्हणाला. गाडीच्या बाबतीत दाजींचं तोंड फार क्वचित बंद होतं. तेव्हा झालं होतं.

म्हणून नवाची. तीही बंद प्रकारातली. इथे एक बारीक मेख निघाली. नवाच्या दोन जाती असतात, एकीच्या नावात इंग्रजी एल असतो, दुसरीच्या नसतो. तेवढ्या एका अक्षरानं प्लसचं टर्मिनल डावीकडून उजवीकडे जातं. बिनएलची आणून डब्यात ठेवली तर लाल वायर प्लसपासून चार बोटं अलीकडे थांबते. बॅटरी फिरवून ठेवावी तर टर्मिनलं चेसीकडे तोंड करतात. मग कुणीतरी वायर ओढूनताणून आणि कुणीतरी 'दोन्ही वायरीच हायत की' म्हणून उलटी जोडतो; त्यासरशी रेक्टिफायर आटोपतो. दाजींना मी एल बघून घ्यायला सांगितलं. त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "एल देवा, एल. एकस्ट्रा लार्ज न्हाई, निस्ता एल."

नऊ एएचची बॅटरी जाडीला तेरा मिलिमीटर कमी, उंचीला बोट-दीड बोट. डब्यात ती खळखळणार. खळखळली की प्लेटीवरचा मसाला झडतो, बुलेटवर तर जास्तच, कारण ती गाडी उभी असतानाही प्रवास करत असते. मोकळी जागा भरायला दुकानदारानं थर्माकोल काढला. थर्माकोल पेट्रोलच्या दोन थेंबांत विरघळतो आणि डबा टाकीपासून फार लांब नाही. शेवटी ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली. कोल्हापूर जिल्ह्यात जे काही घट्ट बसलेलं आहे, ते बहुतेक ट्रकच्या ट्यूबमुळे बसलेलं आहे.

राहिली जुनी. दुकानदार जुनी बॅटरी परत घेतात. २००१ सालापासून बॅटऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत आणि २०२२ मध्ये ते नव्यानं आले. आतलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात म्हणून जुनीचे पैसेही वजा होतात. दाजींनी याचा सखोल अभ्यास केला होता. "माझी चौदाची तुमच्याकडं, तुमची नवाची माझ्याकडं. शिसं कुणाकडनं जास्त आलं?" दुकानदार म्हणाला, तुमच्याकडून. "मग फरक कुणी द्यायचा?"

दुकानदारानं तीस वर्षं धंदा केला होता, पण या बाजूनं त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तो गप्प राहिला. मग त्यानं वॉरंटी कार्ड पुढे ओढलं आणि गाडीचं नाव विचारलं. बुलेटला कंपनी चौदाचीच सांगते, नवाची घातली तर वॉरंटीचं अवघड होईल, हेही त्याच दमात सांगितलं. दाजी थोडा वेळ कार्डाकडे बघत राहिले. "तो रकाना सोडून द्या," ते म्हणाले. "आमच्या नशिबाचा भरोसा."

बॅटरी लगेच हवी होती, पण दुकानदार शहाणा निघाला. नवीन बॅटरी पहिल्यांदा पूर्ण चार्ज केली नाही तर तिची ताकद जन्मभर कमीच राहते, म्हणून सावकाश चार्जिंगला लावतो, संध्याकाळी या, म्हणाला. नवाला ०.९ ॲम्पिअरनं, असं त्यानं चार्जरचं बटण फिरवत सांगितलं. तोवर दाजींच्या हातात दिवस मोकळा होता आणि खिशात चौदा आणि नवाच्या भावातला फरक. हे दोन्ही एकाच वेळी माणसाकडे असू नये.

संध्याकाळी मेस्त्रीला बोलावून आम्ही बॅटरी बसवली. तिचे नट आवळले, टर्मिनलला ग्रीस लावलं, ट्यूबची पट्टी खुपसली, बटण दाबलं. गाडी एका दमात लागली आणि टपरीवरून आलेल्या दोघांनी निराशा लपवत मान हलवली. मग दाजींनी हँडलला अडकवलेल्या पिशवीतून खोकं काढलं. फरकाच्या पैशांतून आणलेले दोन हॅलोजन फॉगलॅम्प होते, ५५-५५ वॅटचे, जाळीसकट. गगनबावड्याच्या घाटात धुकं असतं, असं त्यांनी सांगितलं. ते घाटात शेवटचे कधी गेले होते, हे ताईनं विचारलं नाही.

मेस्त्रीनं खोकं उलटसुलट करून वाचलं आणि बोटांवर हिशोब केला.

"दाजी, ह्या दोन दिव्यास्नी मिळून नऊ ॲम्पिअर लागत्यात."

"मग बरोबर हाय की," दाजी म्हणाले. "नवाचीच घातलीया."